मिल्ट हिंटन

मिल्टन जॉन हिंटन (जन्म : २३ जून १९१०, व्हिक्सबर्ग, मिसिसिपी, मृत्यू : १९ डिसेंबर २०००, न्यू यॉर्क) हे अमेरिकन जाझ संगीतातील अग्रगण्य डबल बासवादक, छायाचित्रकार आणि आत्मचरित्रकार होते. सुमारे सत्तर वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी नृत्यसंगीत, जाझ, लोकप्रिय गीते आणि जाहिरातींचे संगीत अशा विविध प्रकारांत साथ केली. जाझच्या इतिहासात सर्वाधिक ध्वनिमुद्रणांत सहभागी झालेल्या वादकांत त्यांची गणना होते. साथीदार वादकाचे नाव अनेकदा ध्वनिमुद्रिकेवर छापलेही जात नसे, अशा काळात त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंचे जीवन छायाचित्रांतून आणि लेखनातून जतन करून ठेवले. सहकारी त्यांना आदराने ‘द जज’, म्हणजे न्यायाधीश, या नावाने संबोधत.

बालपण आणि शिक्षण

हिंटन यांचा जन्म मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग या गावी झाला. ते अवघ्या काही महिन्यांचे असताना वडील कुटुंबाला सोडून गेले. आई हिल्डा आणि आजी यांनी त्यांचा सांभाळ केला. आजीचा जन्म गुलामगिरीत झालेला होता. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास गोऱ्या जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची केलेली निर्घृण हत्या हिंटन यांनी प्रत्यक्ष पाहिली. हा आघात त्यांच्या स्मरणातून कधीच पुसला गेला नाही.

दक्षिणेकडील दडपशाही आणि दारिद्र्य यांपासून सुटका मिळवण्यासाठी त्या काळी लाखो कृष्णवर्णीय अमेरिकन उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतर करीत होते. हिंटन यांचे कुटुंबही टप्प्याटप्प्याने शिकागोला गेले आणि १९१९ मध्ये तेही तेथे पोहोचले. आई स्वतः पियानो वाजवीत असे. तिने मुलाला तेराव्या वाढदिवसानिमित्त व्हायोलिन घेऊन दिले. वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये शिकत असताना ते मेजर एन. क्लार्क स्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राच्या बालवाद्यवृंदातही त्यांना वादनाची संधी मिळाली. पुढे व्हायब्राफोनवादक म्हणून ख्यातनाम झालेले लायोनेल हॅम्प्टन हे तेथील त्यांचे सहवादक होते.

व्हायोलिनकडून बासकडे

मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांत पडद्याखाली बसलेला वाद्यवृंद संगीत पुरवीत असे. शिकागोतील अनेक कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकांचा चरितार्थ त्यावरच चालत होता. १९२७ नंतर बोलपट आले आणि हे वाद्यवृंद झपाट्याने बंद पडले. सिंफनी वाद्यवृंदांची दारे कृष्णवर्णीयांना बंदच होती. त्यामुळे व्हायोलिनच्या शिक्षणात अनेक वर्षे घालवूनही हिंटन यांच्यापुढे मार्ग उरला नाही. नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांना मात्र खर्जातील वाद्ये वाजवणाऱ्यांची गरज होती. हिंटन प्रथम ट्यूबा आणि नंतर डबल बास वाजवू लागले. व्हायोलिनवर मिळवलेले स्वरलेखनाचे ज्ञान आणि गजावरील प्रभुत्व त्यांना या वाद्यावरही उपयोगी पडले. बासवर गज आणि बोटे या दोहोंनी सारख्याच सफाईने वाजवणारे वादक त्या काळी विरळ होते.

दारूबंदीच्या काळात ते अल् कपोनच्या टोळीशी संबंधित मद्याची पोहोचवणी करणाऱ्या गाडीवर काम करीत असत. त्यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, एका अपघातात त्यांचे बोट तुटण्याच्या बेतात आले. डॉक्टर ते कापण्याच्या विचारात होते, परंतु कपोनने आग्रह धरल्यामुळे ते वाचले.

१९३० मध्ये टायनी पॅरम यांच्या वाद्यवृंदासोबत हिंटन यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्यानंतर व्हायोलिनवादक एडी साउथ यांच्यासमवेत त्यांनी काम केले.

कॅब कॅलोवे यांचा वाद्यवृंद

१९३६ मध्ये हिंटन गायक कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि १९५१ पर्यंत त्यांच्यासोबत राहिले. चू बेरी, कोझी कोल, डॅनी बार्कर, जोना जोन्स यांसारखे वादक येथे त्यांचे सहकारी होते. ‘प्लकिन द बास’ (१९३९) या रचनेत त्यांचे ‘स्लॅप’ पद्धतीचे वादन ऐकावयास मिळते. या पद्धतीत तार ओढून सोडली जाते आणि ती पट्टीवर आपटून स्वराबरोबर तालाचा आघातही निर्माण होतो. लागोपाठ तळहाताचेही ठोके दिले जात असल्याने एकच वादक बास आणि तालवाद्य यांचे काम करीत असल्याचा भास होतो.

तरुण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी १९३९ मध्ये या वाद्यवृंदात आले. कार्यक्रमांच्या मध्यंतरात दोघे कॉटन क्लबच्या गच्चीवर नवीन स्वरसंगतींचा सराव करीत. वयाने मोठे असूनही हिंटन यांनी गिलेस्पी यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही.

१९३९ मध्येच आजीच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांची मोना क्लेटन यांच्याशी ओळख झाली. पुढे त्या त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. वाद्यवृंदाच्या दौऱ्यांत मोना सोबत असत. कृष्णवर्णीयांना हॉटेलात जागा नाकारली जाई, तेव्हा वादकांसाठी खासगी घरांत निवाऱ्याची सोय त्या पाहत. १९४७ मध्ये त्यांना शार्लट ही कन्या झाली.

स्टुडिओतील कारकीर्द

मोठ्या वाद्यवृंदांचे युग संपल्यावर हिंटन यांना काही काळ कामासाठी झगडावे लागले. १९५३-५४ मध्ये त्यांनी लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर दौरे केले आणि त्यानंतर न्यू यॉर्कमध्ये स्थिर होण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी तेथील स्टुडिओंतील काम जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या वादकांच्या हाती होते. विनोदी अभिनेते जॅकी ग्लीसन यांनी आपल्या ध्वनिमुद्रणासाठी हिंटन यांना घेण्याचा आग्रह धरला. या संधीमुळे त्यांचा या क्षेत्रात शिरकाव झाला. स्टुडिओत नियमित काम मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वादकांपैकी ते एक ठरले.

स्टुडिओतील कामाची शिस्त कठोर होती. सत्र साधारणपणे तीन तासांचे असे आणि एका दिवसात दोन-तीन सत्रे होत. समोर ठेवलेले स्वरलेखन प्रथमदर्शनीच अचूक वाजवावे लागे. सकाळी जाहिरातीचे संगीत, दुपारी एखाद्या गायिकेची गीते आणि रात्री जाझ, असा त्यांचा दिनक्रम असे. अवजड वाद्य घेऊन वेळेत पोहोचणे अशक्य होऊ लागले, तेव्हा त्यांनी एकाहून अधिक बास बाळगले आणि ते पुढच्या स्टुडिओत नेऊन ठेवण्यासाठी माणूस नेमला. पियानोवादक हँक जोन्स, गिटारवादक बॅरी गॅलब्रेथ आणि ड्रमवादक ओसी जॉन्सन यांच्यासह त्यांचा संच ‘न्यू यॉर्क ऱ्हिदम सेक्शन’ या नावाने ओळखला जाई. बिली हॉलिडे यांच्या ‘लेडी इन सॅटिन’ (१९५८) या ध्वनिमुद्रिकेतही त्यांची साथ आहे.

छायाचित्रण आणि लेखन

१९३५ मध्ये भेट मिळालेल्या कॅमेऱ्यामुळे हिंटन यांना छायाचित्रणाचा छंद जडला. पुढील सहा दशकांत त्यांनी सुमारे ६०,००० छायाचित्रे काढली. रेल्वेत झोपलेले वादक, रंगमंचामागील गप्पा आणि ध्वनिमुद्रणातील विसाव्याचे क्षण त्यांनी टिपले. ते स्वतः त्या मंडळींपैकीच एक असल्याने कोणी त्यांच्यासमोर मुद्दाम पवित्रा घेऊन उभे राहत नसे. १९४० च्या सुमारास त्यांनी अटलांटा रेल्वे स्थानकावरील कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या प्रवेशद्वाराचे छायाचित्र काढले. वर्णभेदाचा असा पुरावा त्यांच्या संग्रहात विखुरलेला आढळतो. १९५९ मधील बिली हॉलिडे यांच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळची छायाचित्रे विशेष हृदयस्पर्शी मानली जातात.

समाजशास्त्रज्ञ डेव्हिड बर्गर यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेले ‘बास लाइन’ हे आत्मचरित्र १९८८ मध्ये, तर ‘ओव्हरटाइम’ हा छायाचित्रसंग्रह १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आठवणी इतिहासाच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरल्या. १९४१ मध्ये कागदाचा बोळा फेकल्याच्या आरोपावरून कॅलोवे आणि गिलेस्पी यांच्यात झटापट झाली आणि गिलेस्पी यांना वाद्यवृंद सोडावा लागला. बोळा फेकणारे गिलेस्पी नव्हते, हे सत्य प्रत्यक्षदर्शी हिंटन यांनी नोंदवून ठेवले.

अध्यापन आणि सन्मान

विद्युत बास आणि रॉक संगीत यांच्या प्रसारानंतर स्टुडिओतील त्यांचे काम घटत गेले. हिंटन यांनी न्यू यॉर्कच्या हंटर आणि बरूक या महाविद्यालयांत जाझचे अध्यापन केले. १९८० मध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त तरुण बासवादकांसाठी शिष्यवृत्ती निधी स्थापन करण्यात आला. क्वीन्समधील त्यांचे घर विद्यार्थ्यांना सदैव खुले असे. वयाने पन्नास वर्षांनी लहान असलेल्या सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्या ‘ट्रायो जीपी’ (१९८९) या ध्वनिमुद्रिकेतही त्यांनी साथ केली. १९९३ मध्ये त्यांना ‘जाझ मास्टर’ हा राष्ट्रीय सन्मान प्राप्त झाला.

मृत्यू आणि वारसा

१९ डिसेंबर २००० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, क्वीन्स येथे हिंटन यांचे निधन झाले. ‘प्लेइंग द चेंजेस’ हा त्यांच्या आठवणींचा आणि छायाचित्रांचा विस्तृत ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या वाद्यांचा आणि कागदपत्रांचा संग्रह ओहायो राज्यातील ओबर्लिन येथील संगीत महाविद्यालयात आहे. ज्या तरुणाला रंगामुळे व्हायोलिन सोडावे लागले, त्याची वाद्ये आज तेथे सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी उपलब्ध आहेत.