डॉ. सेमेलवाइस आणि दोन खाटांमधले हात धुणे

तुमच्या घरातील वयस्कर व्यक्ती शुश्रूषा केंद्रात असेल, तर तिथल्या मावशी दिवसभरात अनेक रुग्णांना हात लावतात. डायपर बदलणे, भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे. एकाचे जंतू दुसऱ्याकडे जातात ते बहुतेकदा याच हातांवरून. ही गोष्ट आकड्यांनिशी दाखवून देणाऱ्या डॉक्टरांची माहिती आज वाचा.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १८१८ मध्ये हंगेरीतील बुडा येथे झाला. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती विभागाचे असिस्टंट झाले. तिथे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या कक्षात बाळंतज्वराने शंभरातील सुमारे दहा बाळंतिणी दगावत, दुसऱ्यात चारहून कमी. पहिल्या कक्षात पाठवू नका म्हणून बायका अक्षरशः पाया पडत.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही डॉ. कोलेट्श्का वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरातील बदल बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांसारखेच निघाले. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले, की विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणींना तपासायला येतात. जंतूंमुळे रोग होतात, हे अजून सिद्ध व्हायचे होते. पण साबणाने धुऊनही हातांना प्रेताचा वास राहतो, हे सर्वांना ठाऊक होते. तो वास घालवणाऱ्या क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती त्यांनी मे महिन्यात केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होते. जूनमध्ये जेमतेम दोन.

मला यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव होत असलेली एक स्त्री दाखल झाली. तपासणीची फेरी नेहमी जिथून सुरू होई, तीच खाट तिला मिळाली. डॉक्टर कक्षात शिरताना क्लोरिनने हात धूत, पण एका रुग्णानंतर फक्त साबणाने धुऊन दुसरीकडे वळत. तिच्यासोबत बाळंत झालेल्या बारापैकी अकरा जणी गेल्या. म्हणजे दोष केवळ प्रेतांचा नव्हता, जिवंत रुग्णाकडूनही तेच घडत होते. मग नियम बदलला: प्रत्येक रुग्णानंतर क्लोरिनचे पाणी.

वरिष्ठांपैकी अनेकांना हे पटले नाही. आपल्याच हातून रुग्ण दगावले, हे मान्य करणे कोणत्याही डॉक्टरला जड जाते. सेमेलवाइस यांची मुदत वाढली नाही, आणि १८५० मध्ये ते पेस्टला परतले. तिथेही त्यांनी बाळंतज्वर आटोक्यात आणला. पुस्तक मात्र थेट १८६१ मध्ये आले. तेव्हा फार उशीर झाला होता. १८६५ मध्ये व्हिएन्नाजवळील मनोरुग्णालयात, जखमेतून पसरलेल्या संसर्गाने वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले.

आता तुमच्या रुग्णाकडे वळू. मावशींच्या हातात ग्लोव्हज दिसले की नातेवाईक निश्चिंत होतात. पण तेच ग्लोव्हज घालून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या, तर ऑक्टोबर १८४७ चीच चूक होते. ग्लोव्हज काढून हात स्वच्छ करायला हवेत, प्रत्येक वेळी. सॅनिटायझर असेल तर हात कोरडे होईपर्यंत, साधारण २० ते ३० सेकंद चोळावा. हात मळलेले असतील किंवा केंद्रात जुलाबाची साथ असेल तर साबण आणि पाणीच वापरावे, कारण जुलाबाच्या काही जंतूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही. सॅनिटायझरची बाटली खाटेजवळ आहे की लांब व्हरांड्यात, हे पाहा. लांब असेल तर व्यवस्थापकांशी बोला, मावशींवर चिडू नका. आणि भेटायला गेलात की आधी तुमचे हात धुवा.