नाडीवर बोट ठेवून बसलेला डॉक्टर

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाला भेटायला गेलो की दोन प्रश्न मी हमखास विचारतो. लघवी साफ होते का? आणि सांधे दुखले की कुठल्या गोळ्या घेता? बायका लाजतात, पुरुष हसण्यावारी नेतात. हर्नियाच्या ऑपरेशनाशी लघवीचा काय संबंध, असा भाव मुलाच्या चेहऱ्यावर असतो. अशा वेळी मला लंडनचा डॉ. जॉन स्नो आठवतो. भूल देणाऱ्या आम्हा मंडळींचा हा मूळ पुरुष.

१८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आणि कॉलरा यांची सांगड घालणारा स्नो तो हाच. १८१३ साली यॉर्कमधल्या एका मजुराच्या घरी जन्मलेला, नऊ भावंडांत थोरला. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला डॉक्टराच्या हाताखाली उमेदवारीला लागला. तरुणपणीच मांस आणि दारू सोडली, लग्न केलेच नाही. पुढे तिशीत मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्याला गाठले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हा नेम थोडा सैल करावा लागला.

१८४६ च्या अखेरीस ईथर लंडनला पोचले. बाकीचे डॉक्टर अंदाजाने औषध हुंगवत असता स्नो मोजमाप करत बसला. किती तापमानाला हवेत किती वाफ मिसळते याचे त्याने कोष्टकच मांडले. १८४८ साली न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. चूक मात्रेची, असे स्नोने ठामपणे मांडले. १८५३ आणि १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात त्यानेच क्लोरोफॉर्म दिला. नवी औषधे मात्र तो आधी स्वतःवर करून पाही, वर्षानुवर्षे!

स्नोकडे रक्तदाब मोजायचे यंत्र नव्हते. नाडी, श्वास आणि डोळे एवढ्यावरच त्याची भिस्त. मूत्रपिंडाचे काम मात्र नाडीत कळत नाही. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन इंद्रियांकडे जातो. भुलीत रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, मूत्रपिंडांत गाळण कमी होते. शस्त्रक्रियेच्या ताणामुळे शरीरही पाणी धरून ठेवते. म्हणून लघवी कमी होते. धडधाकट माणसात हे सारे काही तासांत पूर्ववत होते. ज्याची मूत्रपिंडे आधीच थकली आहेत, ज्याचा रक्तस्राव खूप झाला आहे, जो वेदनाशामक गोळ्या खात आला आहे, त्याचे तसे नसते. मोठ्या शस्त्रक्रियेत आम्ही लघवीची पिशवी बघत राहतो ती याचसाठी. सत्तर किलोच्या माणसाला तासाला पस्तीस मिलिलिटर तरी व्हावी, असा साधारण हिशेब.

भुलीचे औषधच मूत्रपिंडावर उलटल्याचेही घडले आहे. १९६० साली आलेले मेथॉक्सिफ्ल्युरेन शरीरात मोडून फ्लोराइड तयार होई. मग उलटाच प्रकार, लघवी थांबता थांबत नसे. सत्तरच्या दशकात हे औषध भुलीसाठी मागे पडले. क्लोरोफॉर्मही यकृताला आणि मूत्रपिंडाला सोसत नाही, हे स्नोच्या नंतर कळले.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरचा ग्रंथ लिहीत असतानाच त्याला पक्षाघात झाला. १६ तारखेला तो गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. शवविच्छेदनात मूत्रपिंडे आकसलेली आढळली. अशी मूत्रपिंडे रक्तदाब चढवतात आणि एखाद्या दिवशी मेंदूतली रक्तवाहिनी फुटते. त्याने स्वतः हुंगलेल्या वाफांचा यात वाटा होता, असा संशय काही अभ्यासकांनी घेतला आहे. दुखणे आधीपासूनचे होते, म्हणून मी सारा दोष वाफांना देणार नाही. पण त्या वाफांनी भर घातली नसेल, असेही म्हणवत नाही.

मध्यंतरी एका आजींना हेच दोन प्रश्न विचारले. मुलगा म्हणाला, आई कसलीच गोळी घेत नाही. आजी गप्प. तो चहा आणायला खाली गेल्यावर त्यांनी उशीखालून गुडघ्याच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून माझ्या हातात दिली. ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलले.