निर्लोभी तुकाराम

इंद्रायणीकाठच्या देहू गावी १६०८ साली तुकारामांचा जन्म झाला. घरी दुकान होते, सावकारीही होती. परंतु १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. पत्नी व पुत्र दगावले. पुढे तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची मात्र त्यांच्या हाती दिली.

चरित्रकार महीपती एक कथा सांगतात. एकदा तुकारामांनी शेत राखण्याचे काम पत्करले. ते भजनात तल्लीन झाले आणि पाखरांनी कणसे खाल्ली. धन्याने पंचांकडे दाद मागितली. तुकारामांनी नुकसान भरून द्यावे, असे ठरले. पण मळणी होताच अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक धान्य निघाले! पंचांनी वाढीव धान्य तुकारामांस देऊ केले. घरी दारिद्र्य असूनही त्यांनी ते घेतले नाही. राखणदार हा पिकाचा धनी नव्हे, हेच त्यांनी कृतीने दाखविले. १६५० साली त्यांनी इहलोक सोडला.

मुलांनो, देहूपासून जवळच चिखली येथे २०२१ साली खोदकामात मजुरांना सोन्याची जुनी नाणी सापडली. त्यांनी ती ठेवून घेतली. पुढे पोलिसांनी २१६ नाणी हस्तगत केली. गरिबास असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. कुदळ चालविणाऱ्याचा मजुरीवर पूर्ण हक्क असतो. कुदळीखाली लागलेल्या ठेव्याची खबर देणे हे त्याचे कर्तव्य होय.