शनिवारची दुपार आणि लिओनार्ड ऑयलर



दिवाळीच्या सुट्टीनंतर बारावीच्या गणित शाखेतला एक विद्यार्थी माझ्या खोलीत आला. समाकलनाच्या सगळ्या रीतींची व्याख्याने त्याने मोबाईलवर पाहून संपवली होती. प्रतिस्थापन, खंडशः समाकलन, आंशिक अपूर्णांक, काही म्हणता काही सोडले नव्हते. सुंदर अक्षरात वहीही भरलेली होती. पण पुस्तकातले उदाहरण समोर आले की सुरुवात कुठून करायची हेच त्याला सुचत नव्हते. आपल्याला गणित येत नाही, असे त्याने ठरवूनच टाकले होते.

ही व्याख्याने कमी दर्जाची नाहीत, हे आधी सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी मोफत खुले करण्याचे जाहीर केले. तिथल्या संग्रहात प्राध्यापक हर्बर्ट ग्रॉस यांची १९७० मधली कलनशास्त्राची कृष्णधवल व्याख्यानेही आहेत. फळा, खडू आणि एक माणूस, एवढेच त्यात दिसते. पण काय शिकवतात! आपल्याकडे २००३ पासून आय.आय.टी. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने एन.पी.टी.ई.एल. सुरू केले. मी बी.एस्सी. केले ते हिंदी माध्यमातून. चांगले व्याख्यान म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजची वस्तू, अशीच आमची समजूत होती. समाकलनाच्या प्रकरणात मी अडलो तेव्हा विचारायला कोणी नव्हते, म्हणून उत्तरे पाठ केली आणि पास झालो. ते प्रकरण मला खरोखर समजले ते पुढे शिकवायला लागल्यावर.

त्या मुलाला काय सांगावे याचा विचार करताना मला लिओनार्ड ऑयलर यांची आठवण झाली. समाकलनाच्या ज्या रीती आपण बारावीत शिकतो, त्यांतल्या बहुतेक एका जागी नीट मांडण्याचे काम त्यांनी केले. आणि ते स्वतः ज्या पद्धतीने शिकले, ती मला आजच्या मुलांच्या फार जवळची वाटते.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या गावी झाला. वडील पाउल ऑयलर हे धर्मोपदेशक होते. मुलगा लहान असतानाच कुटुंब जवळच्या रीहेन या खेड्यात राहायला गेले. घरची परिस्थिती बेताचीच होती, पण वडिलांना गणिताची आवड होती. विद्यार्थिदशेत त्यांनी याकोब बर्नुली या मोठ्या गणितज्ञांची व्याख्याने ऐकली होती. लिओनार्डचे पहिले गणित घरीच, वडिलांच्या हाताखाली झाले. शिक्षणासाठी त्याला बाझेलला पाठवले, तर तिथल्या शाळेत गणित हा विषयच नव्हता! त्यासाठी खाजगी शिक्षक ठेवावा लागला. तेराव्या वर्षी, म्हणजे १७२० मध्ये, तो विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी या वयात जाणे आजच्याइतके आश्चर्याचे नव्हते, हेही खरे.

विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते योहान बर्नुली, याकोब यांचे धाकटे भाऊ. त्या वेळच्या युरोपात कलनशास्त्राचे त्यांच्या तोडीचे जाणकार थोडेच होते. स्वभावाने मात्र फार कडक. सख्ख्या भावाशी त्यांचे पटले नाही आणि पुढे एका बक्षिसाच्या निमित्ताने मुलाशीही बिनसले. अशा माणसाकडे पोरगेलासा ऑयलर गेला आणि त्याने खाजगी शिकवणीची विनंती केली. बर्नुलींनी वेळ नसल्याचे कारण सांगून सरळ नकार दिला. मात्र त्याऐवजी एक व्यवस्था करून दिली. गणिताचे अवघड ग्रंथ स्वतः आणायचे, स्वतः वाचायचे, आणि जिथे अडेल ते घेऊन शनिवारी दुपारी त्यांच्या घरी यायचे.

पालकांनी आणि शिक्षकांनी ही व्यवस्था जरा थांबून पाहावी, अशी माझी विनंती आहे. आठवड्याचे सहा दिवस मुलगा एकटा आणि समोर पुस्तक. सातव्या दिवशी फक्त शंका. ऑयलर यांनी पुढे आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे की गुरूंनी एक अडचण सोडवली की तिच्याबरोबर आणखी दहा आपोआप सुटत. शनिवारी कमीत कमी प्रश्न न्यावेत म्हणून हा मुलगा आठवडाभर स्वतःशीच झटत असे. मला वाटते, त्यांचे खरे शिक्षण त्या झटापटीत झाले.

वडिलांची इच्छा मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी होती. त्याप्रमाणे धर्मशास्त्राचा अभ्यास सुरूही झाला होता. शेवटी बर्नुलींनीच मध्ये पडून वडिलांची समजूत घातली. आपल्याकडेही मुलांच्या शाखा निवडताना घरोघरी हेच नाटक होते, फक्त धर्मशास्त्राच्या जागी दुसरे काही असते.

१७२७ मध्ये बाझेलला पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा निघाली. ऑयलर यांनी अर्ज केला, पण वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ती कोण देणार? त्याच वर्षी ते बोटीने आणि गाडीने लांबचा प्रवास करून रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत पोहोचले. योहान यांचा मुलगा डॅनियल तिथे आधीपासून होता. त्यानेच शब्द टाकला होता. गंमत म्हणजे जागा मिळाली ती शरीरक्रियाशास्त्राची! त्यासाठी निघण्यापूर्वी ऑयलर यांनी वैद्यकाची पुस्तकेही वाचून काढली होती. पुढे १७३३ मध्ये डॅनियल मायदेशी परतला आणि गणिताची मुख्य जागा त्यांच्याकडे आली. पुढच्या वर्षी त्यांनी कातारीना ग्झेल हिच्याशी लग्न केले. त्यांना तेरा मुले झाली, पण त्यातली पाचच बालपण ओलांडू शकली.

बाझेल सोडल्यावर ते पुन्हा तिथे राहायला गेले नाहीत. काम लॅटिनमध्ये, अकादमीचे व्यवहार कधी फ्रेंचमध्ये, भोवती रशियन किंवा जर्मन. तरी त्यांच्या बोलण्यात बाझेलची बोली शेवटपर्यंत टिकून होती, असे त्यांच्याजवळ राहिलेल्यांनी नोंदवले आहे. चार पिढ्या इंदूरमध्ये राहून घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

आता गणिताकडे येऊ. एक अधिक एक चतुर्थांश अधिक एक नवमांश अधिक एक सोळांश, अशी वर्गसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज न थांबता करत गेलो तर उत्तर काय येते? याकोब बर्नुलींनाही हे सुटले नव्हते. १७३५ च्या सुमारास ऑयलर यांनी उत्तर दिले: पायचा वर्ग भागिले सहा. वर्तुळाचा जिथे मागमूस नाही तिथे पाय कुठून आला, हे पाहून सारा युरोप चकित झाला. बारावीच्या मुलांना जवळचे असे दुसरे उदाहरण १७२९ चे. पाचाचा क्रमगुणित १२०, हे आपल्याला माहीत आहे. पण अर्ध्याचा क्रमगुणित किती? प्रश्नच वेडगळ वाटतो. ऑयलर यांनी क्रमगुणित एका समाकलाच्या रूपात लिहिला. त्यामुळे पूर्ण संख्येची अट गळून पडली आणि अर्ध्याचे उत्तर आले पायच्या वर्गमुळाच्या निम्मे. हा समाकल पूर्ण संख्येसाठी क्रमगुणितच देतो, हे खंडशः समाकलन वारंवार करून कोणीही पडताळू शकतो. कागद-पेन घ्या आणि करून बघा.

या काळातच त्यांना जबर ताप आला आणि १७३८ मध्ये उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्यांचा कामाचा वेग मात्र कमी झाला नाही.

१७४१ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या निमंत्रणावरून ते बर्लिनला गेले आणि तिथे पंचवीस वर्षे राहिले. राजाला चटपटीत फ्रेंच संभाषण करणारी माणसे आवडत. साधे, श्रद्धाळू, कुटुंबात रमणारे ऑयलर त्याच्या दरबारात शोभले नाहीत. राजाने त्यांच्या एका डोळ्याची टिंगलही केली. अकादमीचे बरेचसे काम ते पाहत, पण अध्यक्षपद त्यांना कधीच मिळाले नाही. मला राजाची कीव येते. त्याच्या पदरी कोण होते हे त्याला कळलेच नाही.

बर्लिनच्या काळातली एक गोष्ट आजच्या विषयाला फार जुळते. १७६० ते १७६२ या काळात, युद्ध चालू असताना, राजाच्या नात्यातल्या एका किशोरवयीन मुलीला त्यांनी पत्रांतून विज्ञान शिकवले. एकूण २३४ पत्रे. ध्वनी, प्रकाश, गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व, तर्कशास्त्र, सगळे आले, आणि तेही सोप्या फ्रेंचमध्ये, गणिती चिन्हांचा भार न टाकता. ही पत्रे १७६८ पासून पुस्तकरूपाने निघाली आणि अनेक भाषांत गेली. राजघराण्यातल्या एका मुलीसाठी लिहिलेले पाठ असे हजारो वाचकांचे झाले. आजची दूरशिक्षणाची व्याख्याने मला याच पत्रांची वंशज वाटतात.

तुम्ही वर्गात जे लिहिता त्यातले कितीतरी त्यांचेच आहे. फलनासाठी एफ आणि कंसात एक्स, नैसर्गिक लॉगरिदमच्या पायासाठी ई, बेरजेसाठी सिग्मा, उणे एकच्या वर्गमुळासाठी आय, ही चिन्हे त्यांनी वापरात आणली. १७४८ च्या ग्रंथात त्यांनी ई चा काल्पनिक घात हा कोसाइन आणि साइन यांच्याशी जोडून दाखवला. (आय हे अक्षर तेव्हा नव्हते, ते १७७७ मध्ये आले.) याचा उपयोग पाहा. ई चा एक्स घात गुणिले कोसाइन एक्स, याचे समाकलन करायचे तर आपण खंडशः रीत दोनदा वापरतो. तोच समाकल पुन्हा समोर येतो, त्याला डाव्या बाजूला नेतो, दोनने भागतो. ऑयलर यांच्या सूत्राने मात्र कोसाइनच घातांकात जातो, एका साध्या घातांकी फलनाचे समाकलन उरते, आणि शेवटी उत्तराचा वास्तव भाग तेवढा उचलायचा. दोन्ही रीतींनी करा, उत्तर एकच येईल.

१७६६ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या बोलावण्यावरून ते पीटर्सबर्गला परतले. तिने त्यांचा मान राखला. पण आता दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला होता. १७७१ मध्ये शहरात मोठी आग लागली, त्यात त्यांचे घर जळाले. पेटर ग्रिम नावाच्या बाझेलच्याच माणसाने जवळजवळ आंधळ्या ऑयलर यांना आगीतून बाहेर काढले. सुदैवाने बरीच हस्तलिखितेही वाचली. त्याच वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. थोडे दिवस दिसूही लागले, पण जखम बिघडली आणि पूर्ण अंधार झाला. दोन वर्षांनी पत्नी गेली.

वयाच्या साठीनंतर, इतके सारे कोसळल्यावर, कोणीही खुर्चीत बसून राहिला असता. ऑयलर यांच्या एकूण लिखाणाचा जवळपास निम्मा भाग या काळातला आहे! व्हर्जिलचे सबंध महाकाव्य त्यांना तोंडपाठ होते, तशीच लांबलचक आकडेमोडही ते डोक्यात करत. मोठ्या पाटीवर खडूने ठळक अक्षरात मांडायचे आणि मुलगा व सहायक यांनी ते लिहून घ्यायचे, असे काम चाले. बीजगणिताचे पुस्तक तर त्यांनी एका तरुण नोकराला सांगून लिहवले. तो पेशाने शिंपी, गणिताचा गंधही नाही. लिहून घेता घेता तोच बीजगणित शिकला. मला ऑयलर यांच्या सगळ्या चरित्रात हा शिंपी सर्वांत प्रिय आहे.

समाकलनावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १७६८ ते १७७० या काळात तीन खंडांत छापला गेला. परिमेय फलनांसाठी आंशिक अपूर्णांक, वर्गमुळांसाठी प्रतिस्थापन, मग लॉगरिदम, घातांकी आणि त्रिकोणमितीय फलने, आणि जिथे कुठलीच रीत चालत नाही तिथे लहान लहान पावलांनी उत्तराच्या जवळ जाण्याची युक्ती, हे सगळे त्यात आहे. ही पावलांची युक्ती आज संगणकाच्या अभ्यासात त्यांच्याच नावाने शिकवतात. त्यांच्या समग्र लेखनाचे प्रकाशन १९११ मध्ये सुरू झाले आणि त्याचे सत्तरहून अधिक खंड निघाले आहेत.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी सकाळी त्यांनी नातवंडाला शिकवले, नुकत्याच निघालेल्या बलूनच्या उड्डाणाचे गणित मांडले, सहकाऱ्याशी युरेनस ग्रहाच्या कक्षेवर चर्चा केली. सायंकाळी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. त्यांचे शिल्लक राहिलेले लेख अकादमी पुढे पन्नासएक वर्षे छापत राहिली.

आता आपल्या शाळेविषयी दोन शब्द. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास वरच्या मजल्यावरची गणिताची खोली उघडी राहील. मी स्वतः आणि गणिताचे शिक्षक तिथे असू. तिथे व्याख्यान होणार नाही, ती तुम्ही घरी ऐकाच. येताना वहीत निदान एक असे उदाहरण हवे, जे तुम्ही स्वतः करून पाहिले आणि अर्ध्यावर अडले. अर्धवट खोडलेले चालेल. कोरे पान घेऊन येऊ नये. शुल्क काही नाही. दिवाळीनंतर आलेला तो विद्यार्थी पहिल्या शनिवारी चार उदाहरणे घेऊन आला होता. दुसरे सोडवता सोडवता तिसरे त्याचे त्यानेच खोडले, आणि चौथ्यावर आम्ही दोघेही अडलो आहोत.