रोझ हॉथॉर्न: जिथे उपचार संपत, तिथून पुढे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संसर्गजन्य समजला जाई. बऱ्या न होणाऱ्या गरीब रुग्णाला रुग्णालयातून काढून ब्लॅकवेल बेटावरच्या निराधारगृहात धाडत. कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची धाकटी मुलगी रोझ यांना हे पाहवेना. १८९६ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, त्यांनी कर्करोग रुग्णालयात तीन महिने शुश्रूषा शिकून घेतली आणि गरीब वस्तीत खोल्या भाड्याने घेतल्या. चिघळलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या जखमा त्या स्वतः धूत. चेहऱ्यावर किळस दिसू द्यायची नाही, हा त्यांचा नियम. मलमपट्टीपेक्षा तोच अवघड. रुग्णाकडून किंवा नातेवाइकांकडून पैसा घ्यायचा नाही, हा दुसरा. १९०० मध्ये त्या नन झाल्या, १९२६ मध्ये वारल्या. त्यांच्या संस्थेत आजही रुग्णाला बिल दिले जात नाही.