क्षयाचा जंतू शोधणारे डॉ. कॉख
क्षयरोगाचा जंतू शोधणारे डॉ. रॉबर्ट कॉख यांचा जन्म १८४३ मध्ये जर्मनीतील क्लाउस्थाल येथे झाला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. १८९० मध्ये मात्र ‘ट्युबरक्युलिन’ हा क्षयावरील उपाय असल्याचे सांगण्याची घाई त्यांना भोवली. आशेने धावलेल्या रुग्णांपैकी काही दगावले. तेच द्रव्य पुढे संसर्ग ओळखण्याच्या त्वचाचाचणीत उपयोगी ठरले. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईतही आले होते. १९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. २७ मे १९१० रोजी त्यांचे निधन झाले. क्षयावरचे औषध पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु त्यांच्या शोधावर उभी राहिलेली थुंकी-तपासणीची स्वस्त पद्धत भारतासह अनेक गरीब देशांत दीर्घकाळ निदानाचा आधार ठरली.