संदर्भाचा पत्ता बरोबर हवा

जालना जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. पिकाचे नवे वाण घडवताना कोणता जनुक गुणसूत्रावर कुठे आहे, याचा नकाशा उपयोगी पडतो. त्यात जनुकांमधले अंतर मोजण्याचे एक सूत्र जगभर ‘कोसंबी’ याच नावाने ओळखले जाते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1907 मध्ये गोव्यात झाला. हार्वर्डला शिकून ते भारतात गणित शिकवू लागले. 1931 मध्ये आंद्रे वेल या मित्राच्या सुचवण्यावरून त्यांनी एका शोधनिबंधात बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचा दाखला दिला. असा गणितज्ञ नव्हताच. एका सहकाऱ्याची जिरवण्यासाठी केलेली ती थट्टा होती. तरीही निबंध छापून आला. नीटनेटका दिसणारा संदर्भ खरा असतोच असे नाही, हे त्यातून दिसले.

पुढे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात असताना त्यांनी जनुकांच्या अंतराचे सूत्र मांडले. ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’मधला तो लेख अवघ्या चार पानांचा. पीकशास्त्राच्या संदर्भयाद्यांत त्याचे वर्ष कुठे 1943, तर कुठे 1944 आढळते. खंड 12, पाने 172 ते 175 ही नोंद बरोबर असली, की लेख सापडतो.

कोसंबी 1966 मध्ये पुण्यात वारले. चार पानांचा तो लेख आजही उद्धृत होतो. संशोधकांनी निबंध पाठवण्यापूर्वी लेखकाचे नाव, वर्ष, नियतकालिक, खंड आणि पाने मूळ लेखाशी ताडून पाहावीत. दुसऱ्याच्या यादीतून उतरवलेली चूक पुढच्या यादीतही जाते.